भोंगा वाजला की पाण्याबाहेर : सिडनीच्या समुद्रावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. सिडनीच्या उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर माझे बाबा कंबरभर पाण्यात उभे होते, हाताला माझी सहा वर्षांची मुलगी. बाबा हर्णैचे. समुद्र त्यांना नवा नाही आणि शार्कही नवा नाही. लहानपणी बंदरावरच्या लिलावातून आणलेली मुशी त्यांच्या घरी कालवणात पडायची. तेवढ्यात भोंगा वाजला. लांबलचक, चढत-उतरत जाणारा. आजूबाजूची माणसं काही न बोलता किनाऱ्याकडे वळली, फळीवाली पोरं फळ्या काखेत मारून चालू लागली. बाबांनी मात्र, काय झालंय ते नीट दिसावं म्हणून, आणखी दोन पावलं आत टाकली.

मी वाळूवरून जीव तोडून हाका मारत होते आणि लाटांच्या आवाजात त्यांना त्या ऐकू येत नव्हत्या. शेवटी बाहेर निघालेल्या एका वयस्क बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना वळवलं. शार्क बराच आत होता, ड्रोन उडवणाऱ्याला तो वरून दिसला होता. कुणाला काहीही झालं नाही. पण चूक बाबांची नव्हती, माझी होती. इथे इतकी वर्षं राहून, त्यांना विमानतळावरून घरी आणून, अमुक बिनला ओला कचरा आणि तमुक बिनला सुका हे सगळं सांगून झालं होतं. भोंग्याचा अर्थ सांगायचा राहिला होता.

पॅरामाटा, वेस्टमीड, ब्लॅकटाउन भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, आणि मुलाबाळांना भेटायला येणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. आपल्याकडून समुद्र तास-दीड तास लांब. त्यामुळे आपण जातो तेव्हा डबा-चटई घेऊन अख्खा दिवस जातो, घोळक्याने जातो, आणि घोळक्यातल्या निम्म्यांना पोहता येत नसतं.

आधी भीती कुठे ठेवायची ते ठरवा

शार्कमुळे ऑस्ट्रेलियात वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं जातात. बुडून २०२३-२४ या एका वर्षात ३२३ माणसं गेली. किनाऱ्यावरच्या ओढीत, ज्याला इथे ‘रिप’ म्हणतात, सापडून दरवर्षी वीसहून अधिक जण मरतात. म्हणजे एकटी ओढच शार्कपेक्षा कितीतरी जास्त माणसं नेते.

तरीही शार्क ही नुसती बातम्यांतली गोष्ट समजू नका. सिडनीत १९६३ नंतर जवळजवळ साठ वर्षं शार्कमुळे कुणी दगावलं नव्हतं. मग १६ फेब्रुवारी २०२२ला लिटल बे इथे एक पोहणारा गेला. जानेवारी २०२४मध्ये शहराच्या ऐन मध्यात, एलिझाबेथ बेच्या शांत पाण्यात एका बाईच्या पायाला बुल शार्कने चावा घेतला, ती वाचली. सप्टेंबर २०२५मध्ये लाँग रीफजवळ एक सर्फर गेला. साठ वर्षं आणि मग हे. एवढं ऐकून कुणी समुद्रच सोडून देतं, कुणी ‘आपल्याला काय होतंय’ म्हणतं. मला दोन्ही पटत नाही. खालच्या गोष्टी पाळल्यात तर शार्क आणि ओढ, दोन्हींपासून एकाच वेळी बचाव होतो, कारण दोन्हींपासून सुरक्षित राहण्याची जागा आणि वेळ एकच आहे : झेंड्यांमध्ये, दिवसाउजेडी, जीवरक्षक असताना.

पहिली पायरी : कुठे जायचं ते घरीच ठरवा

सिडनीत समुद्राचे तीन प्रकार आहेत आणि नव्या माणसाला ते एकच वाटतात.

एक, खुला समुद्र. बाँडी, मॅन्ली, कूजी, क्रोनुला, डी व्हाय. मोठ्या लाटा, वाळू, जीवरक्षक, झेंडे. इथेच बहुतेक जण जातात.

दुसरा, बंदराचं शांत पाणी. लाट नाही, बोटी डुलतायत, झाडं पाण्यावर वाकलीयत. आईवडिलांना हे बघून हायसं वाटतं आणि ‘इथे बरंय, इथे पोरं खेळू देत’ असं ठरतं. तसं ठरवण्याआधी जरा थांबा. साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत पाणी कोमट झालं की बुल शार्क या बंदरात येतात, हिवाळ्यात उत्तरेला क्वीन्सलंडकडे परततात. वर सांगितलेला एलिझाबेथ बेचा प्रसंग बंदरातलाच, १९६३चा मृत्यूही बंदराच्या एका फाट्यातलाच. बुल शार्कला गोडं, खारं, मचूळ, कुठलंच पाणी वर्ज्य नाही. तो नद्यांतही आत शिरतो. हे आपल्यालाही अगदी अनोळखी नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात एका तरुण मच्छीमाराच्या पायाला शार्कने चावा घेतला होता. तेव्हा शांत पाणी दिसलं म्हणून उतरू नका. बंदरात पोहायचं असेल तर जिथे पूर्ण जाळीबंद जागा आहे तिथेच : बाल्मोरल, नीलसन पार्क, पार्सली बे, डबल बेजवळचा मरे रोझ पूल. या ठिकाणी जाळी तळापासून पाण्याच्या वरपर्यंत असते आणि दोन्ही टोकांना किनाऱ्याला किंवा धक्क्याला जोडलेली असते. काही ठिकाणची जाळी हिवाळ्यात दुरुस्तीसाठी काढतात, तेव्हा ती लावलेली आहे ना हे पाटीवर बघून घ्या.

तिसरा प्रकार माझा सगळ्यात आवडता, आणि नव्या कुटुंबांना मी कायम तोच सुचवते : खडकात बांधलेले समुद्रपाण्याचे तलाव. ब्रॉन्टीचा, मरूब्राचा माहोन पूल, कूजीचे वायलीज बाथ्स. भरतीचं पाणी भिंतीवरून आत येतं, शार्क येत नाही, ओढ नाही. कूजीलाच मॅकाइव्हर्स बाथ्स आहेत, तिथे फक्त बायका आणि लहान मुलं. माझ्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरल्या त्या तिथे, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, पंजाबी ड्रेस घालून, पायरीवर बसून आधी अर्धा तास नुसते पाय बुडवून. फक्त लाटा भिंतीवरून धो-धो आदळत असतील त्या दिवशी या तलावांतही उतरू नका. लाट माणसाला भिंतीवर आपटते किंवा बाहेर ओढून नेते.

‘पण इथे शार्कची जाळी आहे ना?’

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. न्यूकॅसलपासून वोलाँगाँगपर्यंत ५१ किनाऱ्यांवर सरकार उन्हाळ्याच्या मोसमात शार्कसाठी जाळी सोडतं. सिडनीत ही पद्धत १९३७पासून आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुंपण येतं. कुंपण नाही ते. प्रत्येक जाळं सुमारे १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच, आणि ते १० मीटर किंवा त्याहून जास्त खोल पाण्यात सोडलेलं. म्हणजे वर मोकळं पाणी, खाली मोकळं पाणी, दोन्ही बाजूंना तर किनाराच्या किनारा मोकळा. मच्छीमाराच्या घरातल्याला हे एका वाक्यात कळतं : ती वाट अडवणारी वई नाही, मासा अडकला तर अडकला असं टाकून ठेवलेलं जाळं आहे. त्यात शार्कबरोबर कासवं, डॉल्फिन, आणि माणसाच्या वाटेला न जाणारे ग्रे नर्स शार्कही अडकून मरतात, म्हणून ती ठेवावीत की काढावीत यावर इथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा, पाण्यात उतरताना त्या जाळ्याच्या भरवशावर उतरू नका. मी वर सांगितलेली बंदरातली जाळीबंद जागा आणि हे जाळं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव दोन्हींना एकच पडलंय, तिथेच घोटाळा होतो.

दुसरी पायरी : फोनमध्ये काय असावं

न्यू साउथ वेल्स सरकारचं शार्कस्मार्ट नावाचं फुकट ॲप आहे. ते घ्या आणि ज्या किनाऱ्यांवर तुम्ही जाता ते त्यात निवडून ठेवा. मात्र त्यावर आलेला संदेश वाचता यायला हवा, नाहीतर दिवसभर नुसता जीव टांगणीला लागतो.

पद्धत अशी आहे. शार्क धरून त्यांना बिल्ला, म्हणजे टॅग, लावतात आणि सोडून देतात. पकडण्यासाठी समुद्रात आमिष लावलेले गळ असतात. शार्क लागला की यंत्रातून नावेवरच्या लोकांना लगेच खबर जाते, ते जातात, टॅग लावतात आणि शार्कला आणखी आत नेऊन सोडतात. किनाऱ्याजवळ पिवळ्या बोयांवर ऐकणारी यंत्रं बसवलेली आहेत, राज्यभरात ३७. टॅग लावलेला शार्क जवळून, साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आतून, गेला की यंत्र त्याच्या टॅगचा आवाज टिपतं आणि तुमच्या फोनवर संदेश येतो.

म्हणून दोन प्रकारचे संदेश दिसतील. ‘टॅग लावून सोडला’ हा कामकाजाचा संदेश आहे. शार्क आता लांब नेला गेलेला असतो. ‘अमुक किनाऱ्याच्या यंत्राला आढळला’ हा तुमच्या कामाचा. त्या किनाऱ्यावर असाल तर पाण्याबाहेर या आणि जीवरक्षकांकडे बघा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : टॅग नसलेल्या शार्कबद्दल हे यंत्र काहीच सांगू शकत नाही. ॲप गप्प आहे म्हणून समुद्र मोकळा आहे असा अर्थ काढू नका.

दुसरं, ‘इमर्जन्सी प्लस’ हे ॲप. वेळ आली तर फोन करायचा नंबर ०००. पण घाबरलेल्या माणसाला आपण नेमके कुठे आहोत हे सांगता येत नाही, खडकांच्या बाजूला तर मुळीच नाही. हे ॲप तुम्ही उभे आहात ती जागा दाखवतं, ती फोनवर वाचून दाखवायची. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्येही घालून द्या.

तिसरी पायरी : चटई टाकायच्या आधी झेंडे शोधा

गाडीतून उतरल्यावर आपली पहिली धाव सावलीकडे असते. तसं करू नका. आधी झेंडे बघा, मग त्यांच्या जवळ चटई टाका. नाहीतर चटई एका टोकाला, झेंडे दुसऱ्या टोकाला, आणि ‘एवढं कशाला चालायचं, इथेच उतरू’ असं होतं. माझ्या पाहण्यातले निम्मे घोटाळे या चटईपासून सुरू झाले.

दोन आडव्या पट्ट्यांचा, वर लाल, खाली पिवळा : असे दोन झेंडे काही अंतरावर रोवलेले असतात. पोहायचं ते या दोघांच्या मध्येच. तिथे जीवरक्षकांची नजर असते. नुसता लाल झेंडा म्हणजे किनारा बंद. नुसता पिवळा म्हणजे सांभाळून. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा सर्फवाल्यांची हद्द दाखवतो, तिकडे गेलात तर फळी डोक्यात बसेल. आणि लाल-पांढऱ्या चार चौकटींचा झेंडा : हा दिसला की ताबडतोब पाण्याबाहेर. शार्क दिसला की हाच फडकतो, बरोबर भोंगा वाजतो. भोंगा ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी, कान पाण्यात असलेल्यांसाठी हा झेंडा आहे. मुलांना हा एकच झेंडा घरी कागदावर रंगवायला लावा. माझ्या मुलीने तो फ्रीजवर चिकटवलाय, आणि आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची तीच परीक्षा घेते.

जीवरक्षक दोन प्रकारचे असतात. आठवडाभर नगरपालिकेचे पगारी, आणि शनिवार-रविवारी, सुट्टीच्या दिवशी लाल-पिवळ्या टोप्या घातलेले स्वयंसेवक. हे स्वयंसेवक किनाऱ्याकिनाऱ्यावरच्या क्लबांचे, १९०७पासून चालत आलेली ही पद्धत. त्यात शिक्षक आहेत, सुतार आहेत, आजोबा आहेत, सोळा वर्षांच्या मुली आहेत, आणि ही माणसं फुकट उन्हात उभी राहून परक्यांची पोरं पाण्यातून काढतात. ६ फेब्रुवारी १९३८ला बाँडीला एकामागोमाग आलेल्या लाटांनी अडीचशेच्या आसपास माणसं आत ओढली होती. पाच जण गेले, बाकीच्यांना याच लोकांनी बाहेर आणलं. त्यांना जाऊन ‘आज पाणी कसं आहे?’ एवढं विचारायला लाजू नका. तोडकंमोडकं इंग्रजी चालतं. ते हाताने दाखवून सांगतात.

त्यांची वेळ संपली की झेंडे निघतात. उन्हाळ्यात रात्री आठपर्यंत उजेड असतो आणि आपली मंडळी ऊन उतरल्यावर, साडेसहाला, भेळ खाऊन पाण्यात शिरतात. झेंडे निघालेले असतात, बघणारं कुणी नसतं, आणि तिन्हीसांजेची वेळ ही शार्क किनाऱ्याजवळ फिरण्याची वेळ असते. झेंडे निघाले की पाण्यातला दिवस संपला, असा घरातला नियमच करून टाका. नंतर वाळूत बसा, फिरा, गाणी म्हणा.

ओढ ओळखा, कारण भोंगा वाजल्यावरही ती तिथेच असते

नव्या माणसाला लाटा फुटतात ती जागा भीतीदायक वाटते आणि दोन फुटणाऱ्या पट्ट्यांच्या मधली शांत, काळसर जागा बरी वाटते. तीच ओढ. लाटांनी वाळूवर आणलेलं पाणी तिथून परत आत जातं, म्हणून तिथे तळ खोल असतो आणि लाट फुटत नाही. पाण्यावर वाळूचा गढूळपणा किंवा फेस आत आत जाताना दिसतो. बाँडीच्या दक्षिण टोकाला, बसमधून उतरल्या-उतरल्या समोर, अशीच एक ओढ आहे. नवखे पर्यटक नेमके तिथेच उतरतात, म्हणून जीवरक्षकांनी तिला बॅकपॅकर्स एक्स्प्रेस नाव ठेवलंय.

सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. दमूनच माणूस बुडतो. उताणं होऊन तरंगा, एक हात वर करा, श्वास सांभाळा. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. थोडी ढिली पडली की किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतायत त्या दिशेने सरका.

पाण्यात कधी शिरू नये

मोठा पाऊस पडून गेल्यावर. नद्या-नाल्यांचं पाणी समुद्रात उतरतं, पाणी गढूळ होतं, मासे मुखाशी गोळा होतात आणि त्यांच्या मागे बुल शार्क. शिवाय ते पाणी सांडपाण्यानेही घाण झालेलं असतं. खुल्या किनाऱ्यावर निदान एक दिवस, बंदरात तीन दिवस थांबा.

पक्षी सूर मारून पाण्यात पडतायत, पाण्यावर छोट्या माशांचा काळा डाग सरकतोय, तिथे लांबूनच नमस्कार. माशांचा थवा म्हणजे मोठ्या माशाचं ताट. डॉल्फिन दिसले म्हणून शार्क नसणार, हे इथे सगळे एकमेकांना सांगतात आणि ते खरं नाही. दोघांचा घास एकच, त्यामुळे दोघं एकत्रही असतात. गळ टाकून बसलेल्यांच्या जवळ नको, आमिषाचं रक्त पाण्यात असतं. नदीच्या मुखाशी नको. एकट्याने नको. अंगावर ओली जखम असेल तर नको. आणि चमकणारे दागिने काढून ठेवा, पैंजण आणि जोडवी धरून. पाण्यात ते छोट्या माशाच्या खवल्यासारखे चमकतात.

कपड्यांचं एक. जीन्स आणि साडी भिजली की पायात गुंतते आणि भोंगा वाजल्यावर माणसाला चालता येत नाही. अंग झाकायचं असेल तर पोहण्याचे लांब बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे कपडे इथे सगळीकडे मिळतात, ऊनही लागत नाही. त्यासाठी पैसे घालवा.

चौथी पायरी : भोंगा वाजला

आता मुख्य गोष्ट. भोंगा, शिट्ट्या, कर्ण्यावरून ओरडणं, लाल-पांढरा झेंडा, यातलं काहीही एक पुरे. चारही व्हायची वाट बघू नका.

मूल जवळ असेल तर उचला. उचलण्याएवढं लहान नसेल तर मनगट धरा. बोटं ओल्या हातातून निसटतात. किनाऱ्याकडे वळा आणि चालू लागा. गुडघाभर पाण्यात आलं की लोक थांबतात आणि मागे वळून बघतात. तिथे थांबू नका, पूर्ण कोरड्या वाळूवर या. गुडघाभर पाण्यातही मूल लाटेने मागे ओढलं जातं.

धावू नका, आपटाआपटी करू नका. शार्कच्या भीतीने माणूस पळतो, पाय घसरतो, लाटेखाली जातो, शेजारच्याला धरतो आणि दोघं गटांगळ्या खातात. शार्क लांब असतो, लाट मात्र अंगावर असते. पोहत असाल तर संथ, सलग हात मारा. लाट येत असेल तर तिच्याबरोबर या.

‘काय झालं?’ हे बाहेर आल्यावर विचारा. मराठी घोळक्याची मला ठाऊक असलेली मोठी खोड ही : भोंगा वाजला की एकजण ‘काही नाही, उगाच वाजवतात’ म्हणतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत थांबतात. हे म्हणणारा घरातला कर्ता पुरुष असतो बहुधा, म्हणून कुणी उलट बोलत नाही. तुम्ही बोला. शार्क नसेल तर दहा मिनिटं वाया गेली, एवढंच.

वाळूवर आल्यावर माणसं मोजा. मोठ्याने, नावं घेऊन. कुणी कमी असेल तर स्वतः परत आत जाऊ नका. जीवरक्षकाकडे जा, किती वयाचं, कुठल्या रंगाचे कपडे, शेवटचं कुठे दिसलं, हे सांगा. त्यांच्याकडे रबरी नाव आहे, जेट स्की आहे, वरून बघणारा ड्रोन आहे. बहुतेक वेळा हरवलेलं माणूस आइस्क्रीमच्या गाडीपाशी सापडतं, पण ते त्यांनाच शोधू द्या.

आणि फोन काढून पाण्याच्या कडेला व्हिडिओ घ्यायला जाऊ नका. मुलं तुमच्या मागे येतात.

तुम्हालाच दिसला तर

आधी हे समजून घ्या की पाण्यावर दिसणारा प्रत्येक काळा त्रिकोण शार्कचा नसतो. डॉल्फिन वर येतो, वळतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. चाक फिरावं तसं. त्याच्या श्वासाचा फुसकारा ऐकू येतो. शार्कचा पर त्याच पातळीवर सरळ सरकत जातो, आणि मोठा असेल तर त्याच्या मागे शेपटीचं टोक डावीकडे-उजवीकडे हलताना दिसतं. पण ही परीक्षा वाळूवर उभं राहून करायची. पाण्यात असताना शंका आली तरी बाहेर.

बाहेर येताना आसपासच्यांना सांगत या आणि थेट जीवरक्षकाला सांगा. जवळ आला असेल तर त्याच्याकडे पाठ करू नका. नजर त्याच्यावर ठेवून, इतरांना चिकटून, मागे सरकत या. अगदी अंगावर आलाच तर डोळे आणि कल्ले हे त्याचे नाजूक भाग. फळी, गॉगल, हातात असेल त्याने तिथे मारा.

इथल्या पाण्यात निरुपद्रवी शार्क भरपूर आहेत. मॅन्लीच्या शेली बीचला गॉगल घालून तोंड पाण्यात घातलं तर तळाशी नक्षीदार गालिच्यासारखा पडलेला वॉबेगाँग दिसू शकतो. त्याच्यावर पाय देऊ नका, शेपटी ओढू नका. तो आपल्या घरी आहे.

चावा बसलाच तर

असं काही बघण्याची वेळ येऊ नये. पण माहिती असू द्या, कारण अशा वेळी माणूस रक्त गेल्याने दगावतो, आणि पहिली काही मिनिटं रुग्णवाहिका नसते, तुम्ही असता.

त्याला लाटांच्या बाहेर, वाळूवर आणा आणि तिथेच आडवं करा. गाडीपर्यंत उचलून नेत बसू नका. एकाने ०००ला फोन, दुसऱ्याने जीवरक्षकाला हाक, तिसऱ्याने जखमेवर टॉवेल दाबून धरायचा. पूर्ण वजन टाकून, दोन्ही हातांनी, न उचलता. ‘थांबलं का बघू’ म्हणून उचलू नका. पायातून रक्त उसळत असेल तर कंबरेचं हाड आणि जांघेचा मधला भाग यांच्या बरोबर मध्यावर, जिथे पाय धडाला मिळतो तिथे, मूठ ठेवून कोपर सरळ करून सगळ्या वजनाने दाबा. मोठी रक्तवाहिनी तिथून जाते. तरी थांबत नसेल तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, चार बोटांवर पट्टा आवळून बांधा : सर्फच्या फळीची दोरी, ओढणी, काहीही. सांध्यावर बांधू नका. बांधल्याची वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टर येईपर्यंत सोडू नका. काही किनाऱ्यांवर यासाठीची पेटी लावलेली असते. जीवरक्षकांकडे तर असतेच.

आपल्याकडे कुणी कोसळलं की आधी पाणी पाजतात. इथे पाजू नका. त्याला शस्त्रक्रिया लागणार असते. अंगावर टॉवेल घाला, ऊब द्या, नाव घेऊन बोलत राहा.

किनारा कधी उघडतो, आणि डिसेंबरात येणाऱ्यांसाठी

नुसता दिसला असेल तर जीवरक्षक नावेने आणि ड्रोनने पाणी बघतात, शार्क गेला की पुन्हा उघडतात. कधी अर्ध्या तासात, कधी दिवसभर नाही. चावा बसला असेल तर निदान एक दिवस बंद, आणि आजूबाजूचे किनारेही. पुन्हा उघडल्यावर झेंडे आधीच्याच जागी असतील असं नाही. भरती-ओहोटीप्रमाणे वाळूची ठेवण बदलते आणि जीवरक्षक झेंडे सरकवतात, तेव्हा पुन्हा एकदा बघून उतरा.

आईवडील येणार असतील तर हे सगळं त्यांना किनाऱ्यावर सांगू नका. तिथे वारा असतो, मुलं ओरडत असतात, डबे उघडायचे असतात. घरी, चहा घेताना सांगा. फोनवर भोंग्याचा आवाज लावून ऐकवा, कारण त्यांच्या कानात भोंगा म्हणजे गिरणीचा किंवा नगरपालिकेचा, वेळ सांगणारा. झेंड्याचा कागद दाखवा. आणि पाण्यात त्यांच्याबरोबर मूल द्यायचं असेल तर तिसरं, पोहता येणारं माणूस हाताच्या अंतरावर ठेवा. बाबा या डिसेंबरात पुन्हा येतायत. सत्याहत्तर पूर्ण होतील. पहिल्या रविवारी आम्ही ब्रॉन्टीच्या तलावावर जाणार आहोत, दुसऱ्या रविवारी झेंड्यांमध्ये, आणि त्यांच्या एका बाजूला मी असेन, दुसऱ्या बाजूला माझा नवरा.